पट्टी कोणत्या बाजूने?

माझ्या लेकीला आठव्या वर्षी टाइप १ मधुमेहाचे निदान झाले, तेव्हा लातूर जिल्ह्यातील आमच्या गावात प्रत्येकाकडे एक सल्ला होता: कारल्याचा रस, जांभळाच्या बिया, कुठल्याशा गावची पुडी. या प्रकारात शरीराची प्रतिकारयंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते, त्यामुळे त्याचा गोड खाण्याशी संबंध नसतो आणि इन्सुलिनवाचून गत्यंतर नसते, हे पाहुण्यांना सांगता सांगता बायको थकून जाई. रोजची चार इंजेक्शने, बोट टोचून तपासणी, नोंदींची वही, भाकरीचा हिशोब, सारे तिच्याच अंगावर होते. मी मेडिकलमधून इन्सुलिन आणून देई आणि तेवढ्यावर स्वतःला जबाबदार बाप समजे.

हा समज एका येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या शेतातल्या सणाला, शेतातच उतरला. पोर सकाळपासून हरभऱ्याच्या रानात हुंदडत होती, आता पाने वाढतीलच म्हणून बायकोने तिला इंजेक्शन दिले आणि स्वतः विहिरीकडे गेली. इकडे कडब्याच्या कोपीतली पांडवांची पूजा लांबली. लेक माझ्याजवळ येऊन बसली, तेव्हा थंडीतही तिच्या कपाळावर घाम होता आणि हात थरथरत होते. मला वाटले, खेळून दमली. माझ्या आईने गूळ पुढे केला, तर एका नातेवाइकाने तिचा हात धरला, "तिला शुगर आहे, गोड नका देऊ." रक्तातली साखर मोजणारा ग्लुकोमीटर पिशवीत होता, पण त्यात तपासणीची पट्टी कोणत्या बाजूने घालायची हे मला ठाऊक नव्हते. "सूनबाईनं सांगून ठेवलंय, घाम फुटला की आधी गोड," असे म्हणत आईनेच गुळाचे पाणी पाजले. बायको धावत आली तेव्हाही आकडा ६१ होता. ७० च्या खालची साखर धोक्याची असते. पुन्हा गूळपाणी, पुन्हा पंधरा मिनिटे थांबणे, मग ९६.

त्यानंतर रात्रीचे इंजेक्शन मी शिकलो. वापरातले इन्सुलिन उन्हाळ्यात, विशेषतः वीज नसताना, हवाबंद डबीत घालून माठात ठेवणे आईकडे आहे. एकदा मी बर्फाच्या कप्प्यात ठेवलेली बाटली गोठून वाया गेली, त्यामुळे त्या कामात मला कुणी विचारत नाही.

मात्र घर सहभागी झाले म्हणजे घराने पहारा द्यावा, असे मला वाटत नाही. मध्यंतरी काका, आत्या, चुलत भाऊ, जो तो "आज किती आली?" विचारू लागला, तेव्हा लेकीने वहीत खोटे आकडे लिहायला सुरुवात केली. रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सी तपासणीत ते उघड झाले आणि माझा पहिला विचार तिला रागावण्याचा होता. बायकोने मला अंगणात नेऊन विचारले, "आकडा वाढला की तुम्ही तोंड कसं करता, बघितलंय कधी आरशात?"

आता ती तेरा वर्षांची आहे आणि सुई स्वतः टोचते, पण मोठी झाली म्हणून तिच्यावर सगळे सोपवून मी बाजूला झालेलो नाही. डोस दोघे मिळून ठरवतो. यंदाच्या येळवशीला गुळाची पुडी माझ्या खिशात होती. कोपीपाशी तिने ग्लुकोमीटर माझ्या हातात दिला आणि सगळ्यांदेखत विचारले, "बाबा, पट्टी कोणत्या बाजूनं?"