सोडा की आता!

रविवारी सकाळी खारघरच्या एका मैदानावर माझा बाण दहाच्या कड्यात लागला आणि त्याचं श्रेय मॉर्निंग वॉकला आलेल्या एका काकांना गेलं. आता सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालंय की काका 'त्या धनुष्यवाल्या मॅडमना शिकवतात'. या वाक्यातल्या एकूण एक शब्दाचा मला राग आहे. पण तो नीट समजायचा तर आधी टार्गेट पॅनिक म्हणजे काय ते सांगावं लागेल.

नावात पॅनिक असलं तरी यात कुणी किंचाळत नाही. चांगला शांत, हप्ते वेळेवर भरणारा माणूस धनुष्य उचलतो, प्रत्यंचा हनुवटीखाली आणतो, साईट, म्हणजे धनुष्यावरची नेम धरायची खूण, कागदाच्या मधल्या पिवळ्याकडे न्यायला लागतो आणि साईट वाटेतच थांबते. बहुतेकांची पिवळ्याच्या बरोबर खाली, निळ्यात नाहीतर काळ्यात. हाताला जोर आहे, डोळ्याला दिसतंय, तरी ती चार बोटं वर जात नाही. हा झाला एक प्रकार. दुसऱ्या प्रकारात उलट: साईट पिवळ्याला नुसती शिवली की बोटं सुटतात, कधी शिवायच्या आधीच. तिसरा क्लिकरवाल्यांचा. क्लिकर ही धनुष्याच्या मधल्या भागावर, म्हणजे रायझरवर, बसवलेली पातळ पट्टी. बाण तिच्याखालून ओढायचा. टोक पट्टीबाहेर आलं की ती 'टक्' वाजते, म्हणजे खेच पूर्ण झाली, आता सोडा. शेवटचे दोन-तीन मिलिमीटर पाठीच्या स्नायूंनी काढायचे असतात आणि माणूस नेमका तिथेच पुतळा होतो. कंपाउंडवाले, म्हणजे चाकांचं धनुष्य वापरणारे, प्रत्यंचा सोडणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे रिलीजच्या, ट्रिगरवर बोट आपटतात. एरवी ते अभिमानाने सांगतात की आमच्याकडे सगळं मशीन करतं.

खात्री करून घ्यायची तर बटवरचा, म्हणजे बाण झेलणाऱ्या फोमच्या ठोकळ्यावरचा, कागद काढून टाका. तोच माणूस सुरेख बाण सोडतो. कागद परत लावा, परत पुतळा. हातात दोष असता तर कागदाने फरक पडला नसता.

आता काका.

काका रोज सात वाजता कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवून उभे राहतात. पांढरेशुभ्र बूट, डिसेंबर उजाडला की माकडटोपी, आणि गळ्यात शिट्टी. शिट्टी कुत्र्यांसाठी आहे असं ते सांगतात. आर्चरीच्या रेंजवर शिट्टीला अर्थ असतो हे त्यांना अनेकांनी समजावलं. दोन शिट्ट्या: रेषेवर या. एक: सुरू करा. तीन: बाण काढायला जा. पाच किंवा जास्त: धोका, सगळं थांबवा. काकांनी मागे एका काळ्या कुत्र्यासाठी तीन फुंकल्या आणि एक आज्ञाधारक नवशिका सरळ बटच्या दिशेने चालू लागला. रेषेवर तिघांची धनुष्यं ताणलेली होती. कोच ओरडले ते आम्हाला. काका जाळीपलीकडे, म्हणजे अधिकारक्षेत्राबाहेर.

रविवारी मी ताणून उभी होते. साईट नेहमीच्या ठिकाणी, निळ्यात.

"मॅडम, काही अडकलंय का?"

प्रत्यंचा नाकाला आणि हनुवटीला टेकलेली असताना बोलता येत नाही. हे अनेक नवऱ्यांना फार आवडतं.

"नाही, मघापासून बघतोय. ताणता, पण सोडत नाही. तेलबिल घालायचं असतं का याला?"

मी धनुष्य उतरवलं.

"उतरवलंत? म्हणजे एवढा ताण फुकटच?"

"काका, याला लेट डाउन म्हणतात. सराव आहे तो."

"न सोडण्याचा सराव?"

"हो."

"अच्छा," काका खूश झाले. "आमच्या खात्यात फायलींचं असंच असायचं."

मग त्यांनी अर्जुन काढला. अर्जुन निघणारच होता. धनुष्य घेऊन या देशात कुठेही उभे राहा, अर्ध्या तासात कुणीतरी अर्जुन काढतो. "त्याला काय दिसायचं? फक्त डोळा! तुम्हाला काय दिसतं?" मी म्हटलं, दिसायचं सोडा, मला तुम्ही ऐकू येताय. त्यांच्यावर परिणाम शून्य. "अहो, तो तर इथलाच. पांडवकडा काय उगाच म्हणतात? आंघोळीला यायचे पाची जण." पांडवकड्याच्या धबधब्यावर हल्ली पावसाळ्यात जायला बंदी असते, त्यामुळे आजच्या पांडवांना पोलीस उत्सव चौकातूनच परत पाठवतील, हे मी मनात म्हटलं. तोवर काका साताऱ्याला पोचले होते. "ती अदिती स्वामी बघा. सतराव्या वर्षी जग जिंकली पोरीने! तुमचं वय काय म्हणालात?"

मी काहीच म्हणाले नव्हते. आणि अदितीचं उदाहरण द्यायचं तर पूर्ण द्यावं. २०२३च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला ती विश्वविजेती झाली ती कंपाउंडमध्ये, ५० मीटरवर, अंतिम फेरीत १५०पैकी १४९ गुणांनी. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने १५०पैकी १५० केले. दोघंही साताऱ्यात घडलेले. कंपाउंडला चाकं असतात, पूर्ण खेचल्यावर हातात मूळ वजनाचा थोडाच भाग उरतो, साईटला भिंग असतं. माझं रिकर्व्ह, म्हणजे बिनचाकांचं. त्यात खेचाल तेवढं वजन शेवटपर्यंत बोटांवर. काकांच्या लेखी दोन्ही 'बाण'.

मी पुन्हा ताणलं. साईट निळ्यात. आणि जाळीतून, अगदी बस सुटत असल्यासारखं, काका ओरडले, "अहो, सोडा की आता!"

सुटला. दहा.

"अगं, बघितलंस?" काका म्हणाले. अहो मॅडमवरून अगं वर यायला त्यांना बाणाच्या उड्डाणाइतकाच वेळ लागला. गुरुपद स्वीकारून ते लगेच शिष्यपरिवार वाढवायला गेटकडे निघाले.

यातली खरी चीड आणणारी गोष्ट ही की शास्त्राच्या दृष्टीने काका बरोबर होते. कुणी सांगण्याआधी मीच सांगते. आदिपर्वात द्रोण झाडावर कृत्रिम पक्षी ठेवून एकेकाला विचारतात. युधिष्ठिराला झाड, गुरू, भाऊ सगळं दिसतं आणि त्याला बाजूला केलं जातं. खरं तर बाण सुटायच्या वेळी कोण कुठे उभं आहे हे बघणारा त्या रेंजवरचा तो एकटाच शहाणा. अर्जुन म्हणतो, मला पक्ष्याचं डोकं दिसतं. हो, डोकं, डोळा नंतर कीर्तनात लागला. मग द्रोण 'सोड' म्हणतात आणि तो विचार न करता सोडतो. म्हणजे नेम अर्जुनाचा आणि कधी सोडायचं हा निर्णय द्रोणांचा. टार्गेट पॅनिकवर आज जे सराव करून घेतात, त्यातला एक हुबेहूब हाच आहे.

कारण आजार तिथेच असतो. हजारो वेळा पिवळं दिसलं की बाण सुटला, असं होत होत मेंदू दोन्हींची गाठ मारून टाकतो. बेल वाजली की हात कडीकडे जातो, तसं पिवळं दिसलं की बोटं उघडतात. ज्याची बोटं उघडतात तो स्नॅप करतो. ज्याला आपली बोटं उघडणार हे आधीच कळतं, तो साईट पिवळ्यापर्यंत जाऊच देत नाही. दिसायला दोन आजार, पण गाठ एकच. त्यामुळे 'लक्ष केंद्रित करा' हा सल्ला आगीत रॉकेल आहे. लक्ष आधीच नको तितकं केंद्रित झालेलं असतं. गाठ सोडवायची तर नेम न धरता सोडायचं आणि नेम धरून सोडायचं नाही, दोन्ही वेगवेगळं.

नेम न धरता म्हणजे कोरा बट. तीन-चार मीटरवर उभं राहायचं, बट खांद्याच्या उंचीला, कागद नाही, साईट काढून ठेवलेली. डोळे उघडे ठेवून खेचायचं, अँकर बसला, म्हणजे हात हनुवटीखाली नेहमीच्या जागी टेकला, की मिटायचे, आणि पाठ कुठे आवळतेय एवढंच बघत सोडायचं. शेजारी कुणीतरी उभं हवं. एका वेळी एकच बाण, कारण इतक्या जवळून दुसरा पहिल्यावरच बसतो आणि दोन्ही जातात. बाण आपटलाच तर कार्बनची दांडी वाकवून कानाशी धरा. करकर आली तर फेकून द्या. ती पुढच्या वेळी सुटताना फुटते आणि कपच्या शिरतात धनुष्य धरलेल्या हातात. या काळात लिंब, म्हणजे रायझरच्या वर-खाली बसवलेले धनुष्याचे वाकणारे भाग, हलके लावा. ३६ पौंडांवाल्याने २४-२६चे मागून आणावेत. हलक्या लिंबांना तुमचे बाण ताठ पडतील, तिरके घुसतील. तिकडे दुर्लक्ष करा, ट्यूनिंगला हात लावू नका. जड धनुष्याचा हात थरथरतो आणि थरथरणाऱ्या हाताला एकच इच्छा असते: सुटका.

नेम धरून न सोडणं याला मात्र संयम लागतो, शिवाय जाळीवर काका असतात. बाण लावायचाच. रिकामी प्रत्यंचा चुकून सुटली तर सगळी ताकद लिंबांत परत जाते आणि ते तडकतात. क्लिकर बाजूला वळवून ठेवा. साईट पिवळ्यात आणा, पाच सेकंद ठेवा, धनुष्य बटकडेच रोखलेलं ठेवून सावकाश उतरवा. त्या दिवशी एकही बाण सोडायचा नाही. 'एक शेवटचा' हाच तो रोग. साईट पिवळ्यात शिरतच नसेल तर आधी कागदाबाहेरच्या कोऱ्या जागेवर धरा आणि रोज थोडी आत सरकवा. साईटच्या रिंगमधला ठिपका काढून टाकला तर अनेकांना सोपं जातं. मधोमध बसवायला काही उरलंच नाही की हट्टही उरत नाही.

असे तीन-चार आठवडे काढल्यावर दोन्ही जोडायचं. पाच मीटरवर मोठ्यात मोठा, १२२ सेंटिमीटरचा कागद. मित्र मागे उभा राहून तीन ते सहा सेकंदांत मनाला येईल तसं 'सोड' किंवा 'उतरव' म्हणतो. तुम्ही नुसतं धरून राहायचं. हेच ते द्रोणतंत्र, आणि इथेच काकांचा संबंध संपतो, कारण मित्राला दोन्ही शब्द येतात. काकांना एकच. क्लिकरवाल्यांनी कधी 'टक्' वाजल्यावरही दोन सेकंद धरून उतरवावं, म्हणजे टक् हा हुकूम नाही हे बोटांना कळतं. सगळे बाण शांतपणे सुटले तरच अंतर वाढवायचं. एका बाणाला जरी साईट अडकली तरी परत मागे. स्कोअरशीट महिनाभर कपाटात. आणि मित्राचा आवाज हळूहळू बंद करायचा, कारण स्पर्धेत आलटून पालटून मारताना प्रत्येक बाणाला २० सेकंद असतात. पहिल्या आठ-दहा सेकंदांत उतरवायचं ठरलं तर पुन्हा खेचता येतं, पण हे तुमचं तुम्हालाच ठरवावं लागतं.

दुकानदाराचा उपाय वेगळा असतो: नवं धनुष्य. त्याने खरंच बरं वाटतं, साधारण नवी वस्तू नवी असेपर्यंत. मग मेंदूला रायझरचा रंग कळतो आणि आजार हप्त्यांसकट परत येतो. कंपाउंडला निदान ट्रिगर नसलेला, पाठीच्या ताणाने आपोआप सुटणारा रिलीज मिळतो. त्यात 'कधी' हे हाताला आधी कळतच नाही, त्यामुळे पैसे थोडेफार सत्कारणी लागतात. रिकर्व्हवाल्याने आपल्या खेचेच्या मापाची दोरीची वळी करून घरी अँकर आणि सोडणं घोटावं, खर्च नगण्य. लोकलमध्ये करू नये. शेजारचे उठून जातात, आणि पनवेल लोकलमध्ये जागा मिळवायचा हा मार्ग सभ्य नाही.

हा फक्त हौशी लोकांचा रोग असं समजू नका. डार्ट्समध्ये एरिक ब्रिस्टोला बोटांतून डार्ट सोडता येईनासा झाला, आणि तो पाच वेळा विश्वविजेता होता. गोल्फमध्ये बर्नहार्ड लँगरला जवळचा फटका मारताना हे पुन्हा पुन्हा गाठायचं. दर वेळी तो पकड बदलून त्यातून बाहेर आला. म्हणजे बरं होतं, पण कायमचं गेलं असं कुणी छातीवर हात ठेवून सांगत नाही. परत आलं की पुन्हा पाच मीटर, कुरकुर न करता.

मोठ्यांचं एकवेळ ठीक, हौसेने मारतात. आमच्या रेंजवर हल्ली दहा-अकरा वर्षांची मुलं येतात. तिसऱ्या महिन्यात त्यांना पूर्ण अंतरावर उभं करतात, वाढत्या वयात पेलणार नाहीत असे लिंब लावतात आणि पहिल्या दिवसापासून प्रत्येक बाणाचे गुण लिहून घेतात. कुंपणाला काकांच्या शेजारी आईवडील उभे असतात आणि प्रत्येक बाणाला "पिवळ्यात मार, पिवळ्यात!" म्हणतात. गाठ अशीच बसते, रोज, मोबाइलवर व्हिडिओ काढत. या मुलांना कोऱ्या बटवर महिनाभर ठेवा, असं मी एका वडिलांना सांगितलं, टार्गेट पॅनिक काय असतं तेही सांगितलं. त्यांनी सगळं लक्षपूर्वक ऐकलं. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, त्यांचा मुलगा आठवीत आहे.

"हे जे होतं म्हणता," त्यांनी विचारलं, "ते दहावीच्या आधी होतं की नंतर?"