रद्द करणे रद्द

ऐरोलीच्या एका कंपनीत बसून अ‍ॅपच्या स्क्रीन आखणे हा माझा पोटापाण्याचा धंदा असल्यामुळे, नौपाड्यातील आमच्या सोसायटीच्या हॉलचे बुकिंग करणारे अ‍ॅप मी फुकट करून द्यावे, असा ठराव वार्षिक सभेत माझ्या गैरहजेरीत एकमताने मंजूर झाला. मी ते हौसेने मराठीत केले आणि तिथेच घात झाला.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी आईने हळदीकुंकवासाठी हॉल घेतला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनाही तोच दिवस हवा आहे, असे कळल्यावर तिने मोठ्या मनाने माघार घ्यायचे ठरवले. फोनवर प्रश्न उमटला, ‘बुकिंग रद्द करायचे?’ आणि त्याखाली डावीकडे ‘रद्द करा’ व उजवीकडे ‘ठीक आहे’ अशी दोन बटणे आली. आईने चष्मा पुसून, कोणीही शहाणे माणूस दाबेल तेच, म्हणजे ‘रद्द करा’ दाबले. चौकट नाहीशी झाली आणि बुकिंग मात्र जागच्या जागी राहिले. ‘कॅन्सल’ या बटणाचा खरा अर्थ ‘हा विषय सोडा’ असा असतो. मी त्याचे शब्दकोशातून भाषांतर करून मोकळा झालो होतो, त्यामुळे आईने रद्द केले ते रद्द करणेच. तिने ते चार वेळा केले. काकूंना हॉल मिळाला नाही. त्यांनी आईला तिळगूळ दिला, पण ‘गोड बोला’ म्हटले नाही.

वापरणाऱ्याच्या भाषेत बोलावे, हा स्क्रीन वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांच्या १९९४ च्या दहा नियमांपैकी एक नियम मी कंपनीत नव्या मुलांना दर सहा महिन्यांनी शिकवतो. (आईला हे सांगितले नाही.)

दरम्यान आईने स्वतःच तोडगा काढला होता. “वाचायचं नाही, उजवीकडचं दाबायचं,” असे तिने अख्ख्या महिला मंडळाला पढवून ठेवले आणि रथसप्तमीपर्यंत सगळे सुरळीत चालले. मला मात्र राहवेना. एका रात्री जागून मी बटणांवर स्वच्छ मराठीत ‘हो, बुकिंग रद्द करा’ आणि ‘नको, राहू द्या’ असे लिहिले आणि ‘हो’ आधी यावे म्हणून ते डावीकडे ठेवले.

त्या महिन्यात सोसायटीतील एकही बुकिंग रद्द झाले नाही.