खाजनाचा प्रश्न कुठल्या विभागाचा?

२०२० मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले तेव्हापासून गोव्यातल्या प्राध्यापक मित्रमैत्रिणींशी फोनवर बोलणे निघाले की विषय आंतरविद्याशाखीय, म्हणजे निरनिराळ्या विषयांच्या लोकांनी मिळून करायच्या संशोधनावर येतोच. काहींना भीती वाटते की विषयाची खोली जाईल. काहींना वाटते, गोवा विद्यापीठाने विभाग एकत्र आणून 'स्कूल' केली, आता वाट मोकळी झाली. मी नेदरलँड्समध्ये एका विद्यापीठाच्या संशोधन साहाय्य कार्यालयात काम करते. निरनिराळ्या विषयांच्या लोकांचे संयुक्त प्रस्ताव तयार करून घेणे हेच माझे रोजचे काम. इथून पाहताना मला वाटते, मुद्दा विभागांच्या रचनेचा नाहीच. एकत्र केलेल्या कामाचे श्रेय, वेळ आणि पैसा कुणाला मिळतो, यावर सगळे ठरते.

खाजन शेतीच घ्या. गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर जमीन बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली आहे. बांधात 'मानस' म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारी झडप असते; तिची लाकडी दारे भरतीच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. पावसाळ्यात आत कोरगुट भात पिकतो, शिवाय मासळीही मिळते. पूर्वी हे सगळे गांवकारी, म्हणजे गावाची सामुदायिक संस्था, सांभाळत असे. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर जबाबदारी हळूहळू कूळ संघांकडे गेली. मानशीतल्या मासळीचा लिलाव होतो. लिलाव घेणाऱ्याला खारे पाणी आत हवे असते, शेतकऱ्याला ते बाहेर हवे असते. बांध फुटला की गावात वाद पेटतो. कुणी म्हणतो खेकड्यांनी पोखरला, कुणी म्हणतो मासळीसाठी मुद्दाम फोडला, कुणी नदीतल्या बार्जच्या लाटांवर बोट ठेवतो.

आता सांगा, हा प्रश्न कुठल्या विभागाचा? लाटा आणि माती अभियंत्याला कळतात, जमिनीचा खारटपणा कृषितज्ज्ञाला. लिलावाचे गणित अर्थशास्त्राचे, बांध दुरुस्तीची जबाबदारी कायद्याची. गांवकारीचे जुने नियम समजून घ्यायचे तर पोर्तुगीज दप्तरे वाचणारा इतिहासकार हवा. यातले प्रत्येक माणूस गोव्यात आहे. विद्यापीठ ताळगावच्या पठारावर, जवळच दोनापावलला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, जुने गोव्यात कृषी संशोधन संस्था, पणजीत पुराभिलेख. एवढ्या जवळ एवढे ज्ञान इथे युरोपातही सहसा सापडत नाही.

मग अडते कुठे? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत संशोधनाचे गुण मोजण्याची रीत पाहा. समाजशास्त्रे आणि भाषांतल्या शोधनिबंधाचे मूळ गुण १०. दोनाहून अधिक लेखक असले तर मुख्य लेखकाला ७० टक्के, बाकीच्या प्रत्येकाला ३०. म्हणजे एकट्याने लिहिले तर १०, खाजनावर पाच जणांत मिळून लिहिले आणि पहिले नाव दुसऱ्याचे असले तर ३. थेट प्राध्यापकपदाच्या भरतीला १२० गुण लागतात. तरुण इतिहासकाराने चिखलात उतरून अभियंत्याबरोबर दोन वर्षे का घालवावीत?

इथे नेदरलँड्समध्येही सगळे सोनेरी नाही. संयुक्त प्रस्ताव परीक्षकांकडे गेला की प्रत्येकाला आपल्या विषयाचा भाग अपुरा वाटतो, हे मी वारंवार पाहते. अलीकडे सरकारने उच्च शिक्षणाच्या निधीला कात्री लावली, त्याची पहिली झळ अशाच कामांना बसेल अशी धास्ती आहे. तरी एक गोष्ट इथून घेण्यासारखी आहे. १९९३ आणि १९९५ च्या पुरांनंतर डच लोकांनी बांध उंच करत बसण्याऐवजी नद्यांना जागा द्यायची ठरवली. ओव्हरडीप नावाच्या पोल्डरमध्ये, म्हणजे बांधांनी राखलेल्या सखल जमिनीत, आराखडा मुळात शेतकऱ्यांनीच मांडला: बांध खाली आणा, आमची घरे आणि गोठे उंच टेकाडांवर न्या. अभियंते, नियोजनकार यांना त्याच आराखड्याभोवती बसावे लागले. काही कुटुंबांनी जागा सोडली, तेही दुःख त्यात आहे. पण प्रश्न आधी ठरला, विषय नंतर जमले.

गोव्यात ही चर्चा निघाली की डी. डी. कोसंबींचे नाव घेतले जाते, आणि घ्यायलाच हवे. कोसबे गावात जन्मलेल्या या गणितज्ञाने जुनी नाणी तोलून त्यांच्या वजनांतून इतिहास वाचला आणि १९४४ मध्ये जनुकशास्त्रातही मूलभूत निबंध लिहिला. मात्र कोसंबी एकटे होते. विद्यापीठाला एकट्या प्रतिभावंताची वाट पाहत बसता येत नाही; सामान्य कुवतीच्या पाच चांगल्या माणसांना एकत्र काम करता येईल अशी सोय करावी लागते.

ती सोय फार खर्चिक नाही. खाजनासारख्या एखाद्या प्रश्नासाठी विद्यापीठाने छोटा निधी वेगळा काढावा, आणि पहिल्या वर्षी शोधनिबंध मागू नये. एकमेकांची भाषा कळायलाच तेवढा वेळ जातो. सहभागी शिक्षकांचे काही तास कमी करावेत. पीएचडीला दोन शाखांचे दोन मार्गदर्शक खरोखर बरोबरीचे असावेत. कुणी काय केले हे निबंधात लिहिलेले असते, अंतर्गत मूल्यमापनात तरी तेच वाचून श्रेय द्यावे. आणि मानस सांभाळणाऱ्याला पहिल्या बैठकीपासून मानधन देऊन बसवावे. कुठल्या भरतीला कुठले दार गळते हे त्याच्याइतके कुणालाच माहीत नसते.