कॅलहनची आरती नको

जॉन कॅलहन या अमेरिकी व्यंगचित्रकारावरचा तुमचा लेख आवडला, पण त्याला 'अपंगत्वावर मात करणारा जिद्दी कलावंत' म्हणून मखरात बसवलंय, ते काही पटलं नाही. असल्या गहिवराचीच तर तो टर उडवायचा! १९७२ साली, एकविसाव्या वर्षी, गाडीच्या अपघातात त्याच्या मणक्याला इजा झाली. गाडी चालवणारा मित्र प्यालेला आणि हाही टुन्न. पुढे व्हीलचेअरवर बसूनसुद्धा काही वर्षं बाटली सुटली नाही.

बोटांत जोर नव्हता, म्हणून दोन्ही हातांत मिळून पेन धरून चित्रं काढायचा. रेष थरथरती, पण विनोद थेट वर्मी! ते वाळवंटातलं चित्र आठवा: घोड्यांवरून पाठलाग करणारे शेरीफचे लोक, समोर पडलेली रिकामी व्हीलचेअर, आणि एक जण म्हणतोय, 'काळजी नको, पायी फार लांब जाणार नाही.' हीच ओळ त्याने आत्मचरित्राला दिली, त्याच्यावरच्या २०१८च्या सिनेमालाही तेच नाव.

पोर्टलंडच्या साप्ताहिकात त्याची चित्रं वर्षानुवर्षं छापली गेली आणि चिडलेल्या वाचकांची पत्रंही येत राहिली. (आपल्याकडे संपादकाने पहिल्याच पत्राला माफी छापली असती.) व्हीलचेअरवरचे लोक हसले की त्याला पुरे. सगळंच जमलं असं नाही, काही चित्रं नुसतीच बोचरी आहेत.

तक्रार एकच. एवढ्या मोठ्या लेखात त्याचं एकही व्यंगचित्र नाही? परवानगी मिळाली तर दोन-तीन टाका की!