तार काढली की काम झालं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

सैनिकाच्या अंगावरचा रेडिओ, फोन आणि जीपीएस तारांनी एका हबला जोडावेत आणि त्यातून एकाच पॅकची वीज सगळ्यांना द्यावी, असं मी मूळ लेखात म्हटलं होतं. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: आज कुणाच्याही कानात ब्लूटूथ असताना सैनिकाच्या अंगावर तारांचं जाळं कशाला? प्रत्येक उपकरणाला स्वतःची बॅटरी द्या आणि मधला हब काढा, कारण तो बसला की सगळंच बसतं.

हबबद्दल तुमचं बरोबर आहे. मूळ लेखात हा मुद्दा निसटला. पण त्यासाठी हब काढायची गरज नाही. प्रत्येक पोर्टला वेगळी करंट-मर्यादा असली की एक केबल शॉर्ट झाल्यावर तेवढीच फांदी बंद पडते. शिवाय रेडिओची बॅटरी रेडिओतच ठेवायची. मग हब गेला तर फोनवरचा नकाशा जाईल, रेडिओवरचा आवाज जाणार नाही.

बाकीचं मात्र पटलं नाही. तार मुख्यतः डेटासाठी नसतेच, ती विजेसाठी असते. हिशेब करून बघा. 5 वॉटवर प्रक्षेपण करणारा रेडिओ त्या वेळी बॅटरीतून साधारण 15 वॉट ओढतो. 10 टक्के वेळ बोलणं, 20 टक्के वेळ ऐकणं (3 वॉट) आणि उरलेला वेळ स्टँडबाय (दीड वॉट) धरला, तर सरासरी 3.15 वॉट. छातीवरच्या फोनचे 2 आणि जीपीएस-हबचा अर्धा मिळवा. 72 तासांना 400 वॉट-तासांच्या वर जातं. अंगाच्या वळणावर बसणारा 150 वॉट-तासांचा चपटा पॅक सव्वा किलोच्या आसपास भरतो. असे तीन लागतात. कडाक्याच्या थंडीत लिथियम-आयनची क्षमता घटते, तेव्हा चौथाही. हीच वीज सुट्या बॅटऱ्यांत वाटली तर वजन उतरत नाही, उलट फोनमध्ये उरलेली वीज रेडिओला देता येत नाही. तीस जण, प्रत्येकी चार उपकरणं, म्हणजे 120 बॅटऱ्या. त्या रोज कोण भरणार?

त्यात मेश रेडिओ (एकमेकांचे निरोप पुढे पोचवणारे रेडिओ) असेल तर मधल्या माणसाची बॅटरी आधी संपते. तो स्वतः गप्प असला तरी त्याचा रेडिओ इतरांचे निरोप पुढे ढकलत असतो.

ब्लूटूथची दुसरी अडचण म्हणजे ते 2.4 गिगाहर्ट्झवर सारखं कुजबुजत राहतं. रेडिओ बंद ठेवायचा हुकूम सुटला तरी कानातलं यंत्र तो ऐकत नाही, आणि चांगला दिशादर्शी अँटेना ती कुजबुज दहा मीटरांच्या कितीतरी पलीकडून टिपतो.

तारांचा त्रास खरा आहे, फक्त तो तुम्ही म्हणता तिथे नाही. वायर मधे क्वचितच तुटते. ती जाते कनेक्टरच्या मानेशी, नाहीतर पिनांवर. उघड्या पिनांवर व्होल्टेज असताना घाम लागला की धातू गंजतो आणि रोध वाढतो. अर्धा ओहम वाढला आणि 2 अँपिअर वाहत असले, तर 5 व्होल्टचे 4 उरतात. फोनचं चार्जिंग चालू-बंद होत राहतं आणि खापर फोनवर फुटतं. मोकळ्या केबलला मीटर लावलात तर तो बिनदिक्कत 5 व्होल्ट दाखवील, कारण करंटच वाहत नाही. म्हणून 1 अँपिअरचा भार लावून दोन्ही टोकांचं व्होल्टेज मोजायचं. फरक 0.3 व्होल्टच्या वर गेला तर आधी पिना पुसून परत मोजा. तरी तेवढाच आला तर केबल बाद. हब घेताना एवढं विचारा: समोर उपकरण नसताना पोर्टच्या पिनांवर वीज असते का? असली, तर तो घेऊ नका.