न वाचता दुखावून घेण्याची कला

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत तिसरं पुष्प गुंफायची पाळी माझ्यावर आली. विषय मीच निवडला होता, तेव्हा दोष कुणाला देणार? जोसेफ लेलिव्हेल्ड या अमेरिकन पत्रकाराने २०११ साली लिहिलेलं गांधींचं चरित्र, 'ग्रेट सोल'. घड्याळ समोर ठेवून बरोबर पंचावन्न मिनिटं बोललो. पंचावन्न या आकड्याचं पुढे प्रश्नोत्तरांत काय झालं, ते पाकिस्तानला दिलेले पंचावन्न कोटी आठवत असतील तर तुम्ही ओळखलं असेलच.

सभागृहात सत्तरएक माणसं होती. पुस्तक वाचलेला एक, म्हणजे मी. दुखावलेले मात्र निम्म्याहून अधिक. घरी आल्यावर बायको म्हणाली, "तुम्ही कशाला तोंड घातलंत?" तिचं म्हणणं रास्त आहे. पण त्या संध्याकाळी मला जे शिकायला मिळालं, ते एकट्याने साठवून ठेवणं बरं नव्हे. उद्या तुमच्याही साहेबांवर, भाऊंवर, दादांवर कुणीतरी टीकात्मक चरित्र लिहील. तेव्हा तुमची फजिती होऊ नये, म्हणून हे चार शब्द.

सगळ्यात महत्त्वाचं, पुस्तक उघडू नका. उघडलेल्या पुस्तकाचा भरवसा नसतो. आपण चिडायला जावं आणि तिसऱ्या प्रकरणात आपलं मत डळमळावं, ही नामुष्की कशाला? या बाबतीत मोठ्यांचा आदर्श समोर ठेवा. २०११ च्या मार्चमध्ये या पुस्तकाची परीक्षणं परदेशी वर्तमानपत्रांत आली. त्यांतल्या एकदोघांनी गांधी आणि त्यांचा दक्षिण आफ्रिकेतला वास्तुविशारद मित्र हर्मान कालेनबाख यांच्या मैत्रीला भरपूर तिखटमीठ लावलं. पुस्तक भारतात यायचं होतं. तरी ३० मार्चला गुजरात विधानसभेने बंदी एकमताने उचलून धरली. एकमताने! एरवी ज्यांचं पिण्याच्या पाण्यावरही जमत नाही, ते सत्ताधारी आणि विरोधक न वाचलेल्या पुस्तकावर एक झाले. आपल्या विधिमंडळातही बंदीची भाषा झाली आणि दिल्लीत केंद्रीय कायदामंत्री राष्ट्रीय सन्मानाचा कायदा कडक करायचं बोलू लागले. लेलिव्हेल्ड बिचारा सांगत राहिला की 'बायसेक्शुअल' हा शब्द माझ्या पुस्तकात कुठेही नाही. पण पुस्तकात काय आहे हे लेखकाला विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही. गांधींचे नातू राजमोहन आणि गोपाळकृष्ण, पणतू तुषार, सगळ्यांनी सांगितलं की बंदी नको. पण घरच्यांना काय कळतं? अपमान झाला की नाही हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ठरवायचं असतं.

गंमत अशी की ज्यांवरून हे सगळं झालं, ती गांधींनी कालेनबाखला लिहिलेली पत्रं लेलिव्हेल्डने काही चोरून आणलेली नव्हती. भारत सरकारनेच छापलेल्या गांधींच्या समग्र वाङ्मयात ती आहेत. शंभर खंड आहेत, सरकारी पैशातून. तिथे कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत, कारण शंभर खंड उघडायला कुणाला वेळ आहे? वर २०१२ साली कालेनबाखच्या संग्रहातले कागद लंडनमध्ये लिलावाला निघणार म्हटल्यावर सरकारने लिलावाआधीच पैसे मोजून ते घरी आणले. एकीकडे पुस्तकावर बंदी, दुसरीकडे त्याच्या कच्च्या मालाची सरकारी खरेदी. आणि हो, 'ग्रेट सोल' या शब्दांचं मराठी करून बघा. महात्मा. 'महात्मा' नावाच्या पुस्तकाने महात्म्याचा अपमान झाला म्हणून बंदी! (गुजरातेतल्या बंदीला, अगदी दारूबंदीलाही, किती धार असते, ते शनिवारी संध्याकाळी दमणच्या रस्त्यावर उभं राहून पाहावं.)

वेगाकडेही लक्ष द्या. भाजपचे नेते जसवंतसिंह यांचं जिनांवरचं सहाशेहून जास्त पानांचं पुस्तक १७ ऑगस्ट २००९ ला प्रकाशित झालं आणि १९ तारखेला त्यांची पक्षातून हकालपट्टी झाली. दोन दिवसांत सहाशे पानं! पक्षातली वाचनसंस्कृती एवढी जोमात असल्याचं आम्हाला उगाचच ठाऊक नव्हतं. त्यावरही गुजरातेत लगोलग बंदी आली. ती उच्च न्यायालयाने सप्टेंबरात उठवली, पण न्यायाधीश लोक वाचतात, त्याला इलाज नाही.

"मी पुस्तक वाचलेलं नाही, पण" हे वाक्य मान वर करून म्हणायचं.

पुस्तक इंग्रजीत असेल तर "मराठीत आलं की बघू", मराठीत असेल तर "मूळ इंग्रजीत काय आहे कुणास ठाऊक".

प्रश्नोत्तरांत प्रश्न विचारायचा नसतो. माइक हातात आला की "प्रश्न नाही, दोन शब्द बोलतो" अशी सुरुवात करायची आणि स्वतःच्या नोकरीतल्या बदल्यांपासून निघून फाळणीपर्यंत यायचं. आमच्याकडे एका सद्गृहस्थांनी असे नऊ मिनिटांचे दोन शब्द बोलून दाखवले. अध्यक्ष घड्याळाकडे बघत होते, मी पाण्याच्या बाटलीकडे.

आता पुस्तकात नेमकं काय आहे, असा आगाऊ प्रश्न कुणी केला तर सावध असा. तिथे घोटाळा आहे. कालेनबाखबद्दल मोजकी पानं आहेत. तोच कालेनबाख, ज्याने १९१० साली जोहान्सबर्गजवळची अकराशे एकर जमीन सत्याग्रहींच्या कुटुंबांना राहायला भाडं न घेता दिली. तेच टॉल्स्टॉय फार्म. बाकीचं पुस्तक वेगळंच काहीतरी विचारतं. १८९३ ते १९१४ दक्षिण आफ्रिकेत असलेला हा बॅरिस्टर हिंदी लोकांसाठी लढताना तिथल्या काळ्या माणसांबद्दल काय बोलत होता? १९०६ च्या झुलू बंडात तो इंग्रजांसाठी डोल्या वाहायला गेला, तेव्हा त्याला काय दिसलं? केरळातल्या वायकोमला देवळाभोवतीच्या रस्त्यावरून चालायचा हक्क अस्पृश्यांना मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू असताना १९२५ मध्ये तो तिथे गेला, तो नक्की कुणाशी बोलायला? आणि येरवडा. १९३२. पुणे करार. आपल्या दाराशी घडलेली गोष्ट. इंग्रजांच्या जातीय निवाड्यातल्या अस्पृश्यांसाठीच्या ७१ जागांच्या जागी १४८ राखीव जागा आल्या आणि स्वतंत्र मतदारसंघ गेले. आंबेडकरांनी त्या सहीची काय किंमत मोजली, यावर महाराष्ट्रातल्या सभागृहात तासभर बोलता येईल असं मला वाटलं होतं. वाटलं होतं.

तर इथे कृती सोपी आहे. आपापलं पान निवडायचं आणि बाकीची चिकटवून टाकायची. आमच्या सभागृहात तीन पानं निवडली गेली. पहिल्या रांगेतल्या खादीवाल्यांना आफ्रिकेचं पान नको होतं. "बापूंच्या तरुणपणीच्या चुका आत्ता कशाला उकरायच्या?" मधल्या रांगांना फक्त कालेनबाखचं पान हवं होतं, तेही हसत हसत, कोपराने ढोसत. हेच लोक एरवी गांधींच्या खुनाला 'वध' म्हणतात. तिसऱ्यांना येरवड्याचं पान हवं होतं. त्यावर मी बोललो तेव्हा माना डोलल्या. पण हाच लेखक शेवटी दंगलीत होरपळलेल्या नोआखालीच्या चिखलात अनवाणी फिरणाऱ्या म्हाताऱ्यापुढे नमतो, असं म्हटल्यावर त्याच माना ताठ झाल्या. कार्यक्रम संपल्यावर तिन्ही गटांनी मला स्वतंत्रपणे सांगितलं की मी विरुद्ध पार्टीचा आहे.

आता आडनाव. हे जरा नीट ऐका, महाराष्ट्रात याच्याशिवाय चालत नाही.

कुणी नेत्याबद्दल बरंवाईट लिहिलं किंवा बोललं, की काय लिहिलं हा प्रश्न दुय्यम. कोण आहे हा? पूर्ण नाव काय? मी पत्रिकेत मुद्दाम स्वतःचं आणि वडिलांचं नावच छापायला दिलं होतं. चहाच्या वेळी एक गृहस्थ खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "छान बोललात सर. आणि पुढे काय लावता?" मी आडनाव सांगितलं. दुर्दैवाने ते तीन-चार जातींत सापडतं. त्यांचा चेहरा पडला. "मूळ गाव?" सांगितलं. तेही उपयोगी पडेना. "नाही, म्हणजे कुलदैवत?" इथे मी चहा ठेवून दिला. माणूस जिद्दीचा होता. बिस्किटाचा पुडा संपेपर्यंत त्याने आजोळ काढलं, सासुरवाडी काढली, मुलीला कुठे दिली ते काढलं. आणि एकदाचा मी कुठल्या खणात बसतो हे कळल्यावर सुटकेचा निःश्वास टाकून म्हणाला, "हां, मग बरोबर आहे. तुम्ही असंच बोलणार."

पंचावन्न मिनिटं, सहा आठवड्यांची तयारी, हाताने काढलेली अकरा पानी टिपणं. त्यांची किंमत एक कुलदैवत! मी काय बोललो ते खरं की खोटं, हे शोधायला त्याला मान वळवून टेबलावरचं पुस्तक उघडायचं होतं, बस्स. ते केलं नाही. त्यासाठी माझं आजोळ खणलं. आणि हा माणूस अडाणी नाही हो. हयात शिकवण्यात घालवलेली आहे, पेन्शन घेतो. लेलिव्हेल्डचं काय करायचं हा त्याचा प्रश्न मात्र शेवटपर्यंत सुटला नाही. त्या आडनावाला कुठला खण? परदेशी माणसाचा हा मोठा त्रास आहे, पोटजात लागत नाही. मग त्याला 'पैसे घेऊन लिहिणारा' या सर्वसमावेशक जातीत टाकायचं. तिथे सगळे मावतात. कोण पैसे देतं, कुठे देतं? मलाही पत्ता द्या ना, दाताचं काम राहिलंय.

"हिंमत असेल तर अमक्यावर बोला" हे खिशात तयार ठेवा. अमका कुणीही चालतो.

पुस्तकात काही वाचायचंच झालं तर ऋणनिर्देश वाचा. पुण्यात ५ जानेवारी २००४ ला भांडारकर संस्थेची तोडफोड झाली ती आठवतेय ना? एका परदेशी लेखकाने संस्थेचे आणि तिथल्या अभ्यासकांचे आभार मानले होते. तेवढं पुरलं. माझा एक मित्र मोडी वाचून देतो. तो हल्ली काम झालं की हात जोडतो, "मानधन नको, फक्त आभारात माझं नाव घालू नकोस."

इथपर्यंत हसत लिहिलं. पुढचं हसत लिहिता येत नाही.

परवा गुरुवारी पुस्तक परत करायला वाचनालयात गेलो. ग्रंथपाल बाई पंचवीस वर्षं ओळखीच्या. त्यांनी पुस्तक घेतलं, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "सर, हे आता कपाटात लावायचं नाही. आत कार्यवाहांच्या कपाटात ठेवायचं, कुलपात. समितीचा निरोप आहे. तात्पुरतं."

कुणी तक्रार केली? कुणीच नाही. पत्र आलं? नाही. फोन? नाही. कुठल्या पक्षाचे, संघटनेचे लोक येऊन गेले? तेही नाही. "उद्या कुणी काही बोललं तर", म्हणून. सरकारला बंदी घालायला निदान कायदा लागतो, कारण लिहावं लागतं, उच्च न्यायालयात आव्हान देता येतं. कार्यवाहांच्या किल्लीला कुठे आव्हान देणार?

लाज वाटते का हो आपल्याला? वाचनालय आहे ते. आजोबांच्या पिढीने दारोदार वर्गणी मागून उभं केलेलं. आणि झाकताय कुणाची अब्रू? वडील अखेरच्या घटका मोजत असताना आपण बायकोजवळ होतो, हे ज्याने स्वतःच्या हाताने लिहून छापलं, त्याची? स्वतःच्या चुकीला 'हिमालयाएवढी' म्हणायला जो कचरला नाही, त्याची? त्याला तुमच्या कुलपाची गरज नव्हती. गरज तुम्हाला आहे. तुम्हाला नेता नकोच, तसबीर हवी, हार घालायला नाहीतर चप्पल मारायला. तसबिरीला मधलं वय नसतं, तिने आफ्रिकेत काही चुकीचं लिहिलेलं नसतं, येरवड्यात कुणाला कोंडीत पकडलेलं नसतं. चरित्र आलं की ती हलायला लागते आणि मग तुमची घाबरगुंडी उडते. साहेबांवर लिहा, भाऊंवर लिहा, हेच होतं. शिव्या द्यायच्या तर द्या. लेलिव्हेल्ड चुकला असेल तर कुठल्या पानावर चुकला ते सांगा, मी मान्य करीन, त्याचं सगळंच मलाही पटलेलं नाही. वायकोमचं प्रकरण मला घाईत उरकल्यासारखं वाटतं. पण आधी वाचा! सत्तर माणसं, एक प्रत, आणि तीही कुलपात!

बाईंच्या हातून मी पुस्तक परत घेतलं. म्हटलं, माझ्याच नावावर राहू द्या. त्या म्हणाल्या, "सर, मुदत संपलीय, दिवसाला दोन रुपये दंड लागेल." लागू दे. पुस्तक माझ्या घरी आहे, हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी. ज्याला वाचायचंय त्याने संध्याकाळी सहानंतर येऊन न्यावं. नाव सांगितलं की पुरे, आडनाव विचारणार नाही. पानं दुमडू नका. दंड मी भरतोय.