ब्रेक दाबला, गुण गेले

आपल्याला गाता येत नाही हे पुण्यातला माणूस एक वेळ कबूल करेल, पण आपल्याला गाडी नीट चालवता येत नाही असं म्हणणारा पुणेकर अजून जन्माला यायचाय. गाढव असतो तो समोरचा. हे सगळं ठाऊक असूनही आमच्या साहेबांनी लोकांच्या ड्रायव्हिंगला शंभरपैकी गुण देणारं ॲप बनवायचं काम हौसेनं घेतलं. २०२२ साली विमा नियामकानं 'जशी गाडी चालवाल तसा हप्ता' या धर्तीच्या विम्याला परवानगी दिली, तेव्हापासून असल्या ॲपना बरे दिवस आलेत. माझ्याकडे आलं डिझाइन. म्हणजे स्क्रीनवर काय दिसणार, ॲप काय बोलणार आणि त्यातलं कुणाला किती झोंबणार, ते सगळं.

तत्त्व सोपं आहे. फोनमध्ये ॲक्सेलरोमीटर, म्हणजे वेगातला बदल टिपणारा सेन्सर असतो. फोन खिशात उलटा असो की डॅशबोर्डवर आडवा, गुरुत्वाकर्षणावरून 'खाली' कुठे ते शोधायचं आणि मग गाडीचा प्रत्येक हिसका मोजायचा. एका सेकंदात वेग ताशी दहा-बारा किलोमीटरनं उतरला, की तो 'हार्ड ब्रेक'. गुण वजा. परदेशात अशा ब्रेकचा अर्थ चालकाचं लक्ष नव्हतं, असा लावतात. कर्वे रस्त्यावर त्याचा अर्थ चालकाचं लक्ष होतं, असा होतो. पुढचा रिक्षावाला डावा पाय बाहेर काढून वळण्याची सूचना देतो आणि उजवीकडे वळतो. अशा वेळी जो करकचून ब्रेक मारतो, तो आमच्याकडे नापास. जो मारत नाही, तो पहिल्या नंबरानं पास, फक्त अभिनंदनाचा मेसेज वाचायला तो रिक्षाच्या मागच्या सीटवर पोचलेला असतो.

गतिरोधकांचा विषय तर काढूच नये. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि ताशी २५ च्या वेगानं आरामात ओलांडता येईल असा गोलसर हवा. आमच्या गल्लीतला गतिरोधक कुणीतरी एका रात्रीत घातलाय. तो मानकापेक्षा उंच आहे आणि रुंदीला जेमतेम दोन विटा. आमच्या ॲपला तो अपघात वाटतो. आपटलं की लगेच, 'आपण सुखरूप आहात का? घरच्यांना कळवू का?' ऑफिसातल्या एकानं चाचणी घेताना हा प्रश्न पाहिला नाही, तेव्हा ॲपनं इमानदारीनं त्याच्या आईला कळवलं. माउली रिक्षा करून दवाखान्यात निघाली. चिरंजीव कोपऱ्यावर वडापाव खात होते. घरी गेल्यावर त्याला ज्या शब्दांत फीडबॅक मिळाला, तो आम्ही रिपोर्टमध्ये जोडला नाही.

पहिल्या यादीत सर्वाधिक गुण कुणाला पडले असतील? हिंजवडीच्या कोंडीत अडकलेल्यांना. वेग नाही, वळण नाही, ब्रेक नाही. आदर्श चालक! त्यांच्या खालोखाल एक गृहस्थ रोज राँग साइडनं घरी जाणारे. पण किती हळुवार! एक हिसका नाही. राँग साइड पकडावी म्हटलं तर जीपीएस मोकळ्या आभाळाखालीसुद्धा चार-पाच मीटर इकडेतिकडे सांगतो, आणि पुलाखाली गेलं की गाडी पुलावर आहे की खाली, हे त्यालाच कळत नाही. पुण्यात आता पूल नाही असा रस्ता दाखवा.

पण खरी कसोटी भाषेची. 'आपण वेगमर्यादा ओलांडली' असं लिहिलं, तर लोक म्हणाले, पावती फाडल्यासारखं वाटतं. 'जरा सावकाश हं' लिहिलं, तर एका बाईंनी विचारलं, 'हे माझ्या सासूबाईंनी लिहून दिलंय का?' शेवटी मी आमच्या काकांना गाठलं. काका एसटीत ड्रायव्हर होते, विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळालेले, आणि अजूनही स्टिअरिंगला 'चक्री' म्हणतात. त्यांच्या खिशात फोन ठेवला आणि कात्रजचा घाट उतरून यायला सांगितलं. ॲपनं दिले ४१.

"काका, तुम्ही वळणावर जास्त ब्रेक लावता असं दिसतंय."

"कोणाला दिसतंय?"

"ॲपला."

"त्याला सांग, खाली दरीत पण जरा बघ म्हणावं." मग चष्मा पुसत म्हणाले, "आणि त्या दळभद्र्याला हे विचार, मागची पॅसेंजरं झोपली होती का जागी होती? झोपली असतील तर ड्रायव्हर चांगला. एवढं मोजता येतं का तुला?"

नाही आलं. प्रवाशाची झोप मोजायचा सेन्सर अजून आमच्याकडे नाही. मी मात्र तो प्रस्ताव रीतसर पाठवला, आणि साहेबांनी त्याच्यासमोर 'नंतर पाहू' असं लिहिलं.

गुणांवर हप्त्यात सूट मिळणार अशी कुणकुण लागताच डोकी चालू लागली. एकानं फोन सकाळी फिरायला जाणाऱ्या आजोबांच्या खिशात टाकला. ताशी चार किलोमीटर, तेही फुटपाथ सोडून रस्त्यावरून, कारण फुटपाथवर स्कूटर होत्या. दुसऱ्याला दर सिग्नलला आपले गुण बघायचा नाद लागला. आता हातात फोन धरून गाडी चालवणं २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक ड्रायव्हिंग ठरतं, म्हणून ॲपनं त्याचे गुण कापले. गुण का कापले ते बघायला त्यानं फोन उचलला. परत कापले. विद्यापीठ चौकात पोचेपर्यंत स्वारी उणेमध्ये. उणे गुण दाखवायला माझ्या डिझाइनमध्ये जागाच ठेवली नव्हती, तेव्हा शून्याच्या पोटातून बाण बाहेर आलेला एक विचित्र आकार स्क्रीनवर फिरत राहिला आणि त्याला तो बक्षीस वाटला.

सध्या आमचं घोडं ट्रिपल सीटवर अडलंय. एका स्कूटरवर तीन पोरं, तीन फोन, तिघांच्याही फोनवर ॲप चालू, आणि ॲपच्या मते तिघेही चालक. त्यात मधल्याचा फोन दोघांच्या मध्ये दाबला गेल्यानं त्याला हिसके कमी बसले आणि गुण सगळ्यांत जास्त. आता गाडी नक्की कोण चालवत होतं, यावर परवा दुपारभर मीटिंग झाली. कुणी म्हणालं, पुढचा. कुणी म्हणालं, पुढच्याच्या हातात फक्त हँडल असतं, 'घाल, घाल, बसेल गाडी' हे मागचाच सांगत असतो. साहेबांनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या आणि म्हणाले, "सरासरी काढा."